पाणी, कोळसा, वारा आणि ऊन : महाराष्ट्रातील वीजनिर्मितीची प्रस्तावना

महाराष्ट्रातील वीजनिर्मितीची हकीकत सांगू पाहणाऱ्यास प्रारंभ सह्याद्रीच्या पावसापासूनच करावा लागतो. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर जे पाणी कोसळते त्याचा मोठा भाग भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतून पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळतो. परंतु त्याच माथ्याच्या पश्चिमेस, अगदी हाकेच्या अंतरावर, कोकणची भूमी दीड हजार फूट खाली आहे, आणि पूर्ववाहिनी पाणी अडवून नळांतून किंवा बोगद्यातून पश्चिमेस सोडले असता केवळ त्या पतनाच्या बळावर अचाट शक्ती हाती येते, ही गोष्ट ज्यांनी प्रथम हेरली त्यांनी या प्रांताच्या औद्योगिक जीवनाची दिशाच ठरवून टाकली. जमशेटजी टाटा यांनी ही योजना मनाशी धरली होती. ती तडीस गेलेली पाहण्यापूर्वीच, १९०४ साली, त्यांचे देहावसान झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी १९१५ साली खोपोलीच्या यंत्रांवर पडले, आणि तोपर्यंत कोळशाच्या धुरात चालणाऱ्या मुंबईच्या कापडगिरण्या घाटावरच्या पावसावर चालू लागल्या. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील वीजगृहे सुरू झाली.

या यशाच्या हकीकतीतच तिचा दुसरा जमाखर्चही नमूद आहे, आणि तो वगळून हा विषय मांडता येत नाही. भिऱ्याच्या वीजगृहास पाणी पुरविण्यासाठी मुळशी येथे जे धरण बांधावयाचे ठरले, त्याच्या पोटात मावळातील कित्येक गावे आणि त्यांची भाताची खाचरे जाणार होती. वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळावयाची, मोबदल्याचा आकडा सरकारदरबारी ठरावयाचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन मात्र मावळ्यांनी सोडावयाची, हा व्यवहार लोकांना मान्य होईना. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला; विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते. सत्याग्रह अयशस्वी झाला, धरण पुरे झाले. विजेचा दर ठरविताना कोळशाची किंमत, यंत्रांचा घसारा आणि भांडवलाचे व्याज धरले जाते. बुडालेल्या खाचराची किंमत एकदा मोबदला देऊन कायमची मिटली असे समजण्याची जी प्रथा तेव्हा पडली ती अद्याप मोडलेली नाही, आणि माझ्या मते या राज्याच्या वीजधोरणातील तो सर्वांत जुना दोष आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि पुढच्याच महिन्यात, २० जून रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. नव्या राज्याच्या हाती त्या वेळी एक मोठे काम अर्धवट अवस्थेत होते, आणि ते म्हणजे कोयना. पाटण तालुक्यात हेळवाकच्या बाजूस कोयना नदीवर जे धरण उभे राहिले, त्याच्या मागे शिवसागर नावाचा जलाशय दूरवर पसरला. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडण्यात आले, आणि १९६२ साली तेथील पहिले यंत्र फिरू लागले. डोंगर आतून कोरून तयार केलेल्या त्या दालनात एकदा उभे राहिले म्हणजे या कामाचे खरे परिमाण ध्यानात येते : डोक्यावर शेकडो फूट बेसाल्ट, पायाखाली अखंड कंप, आणि कानात बोललेला शब्द शेजाऱ्यास ऐकू न जाणारा घरघराट. यंत्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही. ते कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून अलोरे येथील तिसऱ्या टप्प्यात दुसऱ्यांदा राबविले जाते, आणि मगच वाशिष्ठीत मिसळून चिपळूणवरून अरबी समुद्राकडे जाते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास भूकंपाचा जबर धक्का बसला. वस्ती जमीनदोस्त झाली, माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली, धरणाच्या भिंतीस तडे गेले. भिंत मात्र उभी राहिली आणि पुढे तिला मजबुती देण्यात आली. मोठ्या जलाशयाच्या भाराचा व भूकंपाचा काय संबंध आहे, या प्रश्नाचा जगभरच्या शास्त्रज्ञांनी जो अभ्यास केला त्यात कोयनेचे नाव तेव्हापासून आजतागायत प्रमुख आहे. अशा भूमीत पुढे चौथा टप्पा हाती घेण्याचे धाडस आपल्या अभियंत्यांनी दाखविले. भरलेला जलाशय रिकामा न करता, त्याच्या तळाखालून बोगदा खोदत आणून अखेरचा खडक सुरुंगाने उडवावयाचा, ज्यास बोलीत सर्वजण लेक टॅपिंग म्हणतात, तो प्रयोग १९९९ साली तेथे यशस्वी झाला, आणि चौथ्या टप्प्याची १,००० मेगावॉटची क्षमता धरून कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटच्या घरात पोहोचला.

कोयनेविषयी इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण तिच्या आकारापेक्षा तिच्या स्वभावात आहे. कोळशाची भट्टी थंड झाली तर ती पुन्हा पेटवून वाफ तयार होण्यास कित्येक तास लागतात. पाण्याचे यंत्र झडप उघडताच काही मिनिटांत पूर्ण भार घेते आणि तितक्याच तत्परतेने सोडते. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, दुकाने उजळतात, मुंबईच्या लोकलगाड्या माणसांनी ओसंडू लागतात, आणि विजेची मागणी एकाएकी चढते. ती चढण पार करून देण्याचे काम गेली साठ वर्षे कोयना करीत आली आहे. वीज ही धान्याप्रमाणे कोठारात घालून ठेवण्याची वस्तू नव्हे, ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी ती खपावी लागते. म्हणून राज्यात किती मेगावॉटची यंत्रे बसविली आहेत यापेक्षा त्यांतील किती यंत्रे नेमक्या हव्या त्या घटकेस चालविता येतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पुढील पृष्ठांत वाचकास आकड्यांची अनेक कोष्टके आढळतील; ती वाचताना हा एक प्रश्न जवळ ठेवावा, एवढी माझी विनंती आहे.

कोयनेच्या पाण्यालाही मर्यादा आहे. शिवसागराची साठवण सुमारे १०५ टीएमसी असली तरी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी किती पाणी वळवावयाचे यास कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीचा बांध घातला आहे. १ जूनपासून नवे तांत्रिक वर्ष धरले जाते, आणि त्या दिवसापासून प्रत्येक थेंबाचा हिशेब सुरू होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, विजेची मागणी शिगेस पोहोचली असता, हा कोटा संपत आलेला असतो. त्याच सुमारास सांगली-सोलापूरकडील शेतकरी नदीत पाणी सोडण्याचा तगादा लावून बसलेला असतो. पश्चिमेकडे सोडलेला थेंब दिवा लावतो आणि समुद्रास मिळतो. पूर्वेकडे सोडलेला थेंब पायथ्याच्या लहानशा वीजगृहातून थोडीबहुत वीज देत पुढे उसाला, द्राक्षाला, जनावराच्या चाऱ्याला जातो. दुष्काळी मुलखाचे डोळे या पाण्याकडे लागलेले असावेत यात नवल नाही. टाटांच्या धरणांतील पाणी भीमेच्या खोऱ्यास परत द्यावे ही मागणीही त्याच पोटतिडिकीतून आलेली आहे. दोन्ही पक्ष न्याय्य आहेत असे म्हणून या वादातून अंग काढून घेणे सोपे आहे. माझे मत असे की जसजशी अन्य मार्गांनी वीज उपलब्ध होईल तसतसा पश्चिमेकडचा विसर्ग केवळ संध्याकाळच्या चढत्या मागणीपुरता राखून ठेवावा, आणि वाचेल ते पाणी पूर्वेच्या शेतास द्यावे.

औष्णिक विजेचा प्रपंच तुलनेने थोडक्यात सांगता येतो. निसर्गाने महाराष्ट्रास कोळसा दिला तो सारा विदर्भात, वर्धेच्या खोऱ्यात आणि कन्हानच्या परिसरात. आणि विजेचा मोठा खप मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पश्चिमेच्या पट्ट्यात. म्हणून कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथे खाणींच्या तोंडाशी केंद्रे उभी राहिली आणि वीज तारांवरून पश्चिमेस आली. चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरांची उच्चदाब एकदिश वाहिनी त्यासाठीच उभारलेली आहे. पारस, भुसावळ, परळी, एकलहरे येथील केंद्रांना मात्र कोळसा रेल्वेने न्यावा लागतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के. एक युनिट विजेला सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो. घरातला पंखा एक रात्र चालला म्हणजे कोठेतरी ओंजळभर राख शिल्लक राहते, आणि ती राख चंद्रपूरच्या, कोराडीच्या परिसरातील माणसांच्या अंगणात, कपाशीच्या बोंडावर आणि नदीनाल्यांत जाते. उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानांत ज्याची गणना होते त्या चंद्रपूर जिल्ह्याने साऱ्या राज्यासाठी ही भट्टी पेटती ठेवली आहे, याची जाणीव पश्चिम महाराष्ट्रातील वाचकास असावयास हवी.

कोळशाचे केंद्रही अखेर पाण्यावरच चालते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाफ थंड करण्यास पाणी लागते, राख वाहून नेण्यास पाणी लागते. मराठवाड्यातील परळीचे केंद्र गोदावरीवरील खडका बंधाऱ्याच्या पाण्यावर अवलंबून. २०१५ च्या दुष्काळात तेथे पाणी उरले नाही आणि संपूर्ण केंद्र बंद ठेवावे लागले. यंत्रे शाबूत, कामगार हजर, आणि केंद्र थंड! पारंपरिक विजेवर हवे तेव्हा विसंबता येते आणि वाऱ्या-उन्हाच्या विजेवर नाही, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यास परळीचे हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

तारापूरचे अणुवीजकेंद्र हे देशातील पहिले. १९६९ सालापासून ते वीज देत आले आहे. दाभोळची कथा विस्ताराने सांगण्याची ही जागा नव्हे. परक्या इंधनावर चालणारे, परक्या चलनात किंमत मोजावयाचे आणि वीज घ्या वा न घ्या पैसा चुकता करा असा करार असलेले एक विशाल केंद्र राज्याने पदरात घेतले, २००१ साली ते बंद पडले, आणि पुढे ते नव्या नावाने सुरू करावे लागले. त्या वादात गेलेली वर्षे राज्याला फार महाग पडली. नवी निर्मिती खुंटली, मागणी वाढतच राहिली, आणि २००५ च्या आसपास भारनियमन हा शब्द खेड्यापाड्यांतील पोराबाळांच्या तोंडी बसला. त्याच वर्षी, ६ जून रोजी, विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या जन्मास आल्या.

भारनियमनाचे दिवस ओसरले. शेतकऱ्याच्या वाट्यास आलेली रात्र मात्र सरली नाही. या राज्यात शेतीपंपांचे ग्राहक चाळीस लाखांहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री तीन फेज वीज सोडण्याचा क्रम वर्षानुवर्षे चालत आला. रात्रीच्या पाळीत काय घडते हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर असे : पौषातल्या थंडीत गव्हाला पाणी द्यावयाचे असते, शेतकरी डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन विहिरीवर जातो, लाइट बारा वाजता येणार म्हणून सांगितलेली, ती दीडला येते, ओल्या दंडातून अनवाणी चालताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि साप-विंचवाचे भय हे केवळ भय नसते. वीज कोणत्या क्षणी येईल याची शाश्वती नसल्यामुळे मोटारीला ऑटो स्टार्टर बसविलेला असतो. लाइट आली रे आली की डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, तो भार रोहित्रास सोसत नाही आणि ते जळते. मग वर्गणी, अर्ज, खेपा, आणि ऐन ओलिताच्या दिवसांत सुकत चाललेले पीक. बिल भरले जात नाही म्हणून चांगली सेवा नाही, आणि चांगली सेवा नाही म्हणून बिल भरले जात नाही, या फेऱ्यात थकबाकी डोंगराएवढी झाली. त्यात कोणी आकडा टाकतो, कोणी तो टाकणाऱ्याकडे काणाडोळा करतो. या साऱ्यास शेतकऱ्याचा स्वभाव जबाबदार आहे असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी एक रात्र दंडावर काढून पाहावी.

अपारंपरिक ऊर्जेचे, म्हणजे वारा, ऊन आणि चिपाड यांचे, खरे महत्त्व मला येथे दिसते. कोयनेच्याच पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडी, सांगलीकडे ढालगाव, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल येथेही त्या आल्या. या वाऱ्याचा स्वभाव मोसमी आहे : जून ते सप्टेंबर तो घोंघावत येतो, आणि दिवाळीनंतर पठारावरील पाती दिवसेंदिवस आळसावलेली दिसतात. म्हणजे ज्या दिवसांत शिवसागर भरत असतो त्याच दिवसांत डोक्यावरचा वारा वीज देतो, आणि ती घेतली तर जलाशयातले पाणी तेवढे शिल्लक राहते. कार्तिकापासून साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. उसाच्या बगॅसवर चालणारे त्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प चैत्रापर्यंत, म्हणजे नेमके रब्बीच्या ओलिताच्या काळात, वीज देतात. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ऊन आहेच. निसर्गाने ऋतूंची पाळी अशी लावून दिलेली असताना तिचा लाभ घेण्यास आपण इतका उशीर केला, याचे वाईट वाटते.

सौर विजेची एक मोठी सोय अशी की ती दिवसाच निर्माण होते आणि शेतकऱ्यालाही ती दिवसाच हवी आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीने १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा केला तो एका ठिकाणी गोळा केलेल्या विजेचा. त्याहून मला अधिक मोलाची वाटते ती २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शेतीचा फीडर गावठाणच्या फीडरपासून वेगळा करावयाचा, उपकेंद्राजवळच काही मेगावॉटचे सौर पटल मांडावयाचे, आणि ती वीज दूर न नेता त्याच फीडरवरील मोटारींना दिवसा द्यावयाची, इतका साधा तिचा विचार आहे. राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी तिचा आरंभ झाला. तारांतून वाहताना होणारा नाश वाचतो, कोळसा वाचतो, आणि शेतकऱ्याची रात्र त्याला परत मिळते. आकड्यांच्या भाषेत या तिसऱ्या लाभाची किंमत कोठे धरलेली मला आढळली नाही, परंतु योजनेचे समर्थन करण्यास माझ्या दृष्टीने तो एकटा पुरेसा आहे.

राहता राहिली संध्याकाळ. दुपारी विजेचा पूर येतो आणि सूर्य मावळला की तो ओसरतो; नेमकी तेव्हाच मागणी चढते. पटलांचे क्षेत्र जितके वाढेल तितकी ही संध्याकाळची दरी खोल होईल, हे ओळखून आतापासून तयारी केली पाहिजे. बॅटऱ्यांचा उपयोग होईल. पण महाराष्ट्राजवळ सह्याद्रीची उंची आहे, आणि तिचा एक उपयोग अकोले तालुक्यातील घाटघर येथे सिद्ध झालेला आहे. तेथे वरच्या आणि खालच्या अशा दोन जलाशयांमध्ये तेच पाणी खालीवर फिरविले जाते : वीज मुबलक असेल तेव्हा ते उपसून वर चढवावयाचे, कमी पडेल तेव्हा खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज घ्यावयाची. पूर्वी हा उपसा रात्री, कोळशाच्या शिलकी विजेवर होत असे. यापुढे तो भर दुपारी, उन्हाच्या विजेवर करता येईल. अशा उदंचन प्रकल्पांचे अनेक करार अलीकडे राज्य सरकारने केले आहेत. ते होणे अवश्य आहे, असे मी मानतो. परंतु सह्याद्रीचा माथा म्हणजे मोकळी जागा नव्हे. तेथे देवराया आहेत, धनगरवाडे आहेत, कोयनेचे अभयारण्य आणि व्याघ्रप्रकल्प आहे, आणि कोयनेच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील कित्येक कुटुंबे पर्यायी जमिनीच्या सातबारासाठी अजून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आहेत. असलेल्या धरणांचा आणि नदीपात्राबाहेरील जागांचा प्रथम विचार व्हावा, आणि जुन्या प्रकल्पग्रस्तांचे दप्तर मिटल्याखेरीज त्याच खोऱ्यात नव्या प्रकल्पाची मंजुरी निघू नये, हा नियम सरकारने आपल्यावर घालून घ्यावा.

जमिनीचा प्रश्न सौर विजेलाही चुकलेला नाही. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात, आणि सरकारी जागा म्हटली की दृष्टी प्रथम गायरानाकडे वळते. कागदोपत्री पडीक दिसणाऱ्या त्या जमिनीवर भूमिहीनाच्या दोन शेळ्या चरत असतात, मेंढपाळांचे वाडे दरसाल उतरत असतात. मुळशीच्या वेळी शेतकऱ्याकडे निदान खातेउतारा तरी होता. गायरानावर जगणाऱ्याकडे तोही नाही.

म्हणून या ग्रंथाच्या वाचकांपैकी जे खेड्यात राहतात त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. तुमच्या ग्रामसभेपुढे सौर प्रकल्पासाठी जागा देण्याचा ठराव येईल तेव्हा त्यास डोळे झाकून विरोध करू नका आणि डोळे झाकून मंजुरीही देऊ नका. त्या जागेवर आज कोणाची जनावरे चरतात ते नावांसह ठरावात लिहून घ्या, त्यांच्या चराईची दुसरी सोय आधी करावयास लावा, आणि त्या पटलांची वीज तुमच्याच फीडरवर दिवसा किती तास मिळेल याचे लेखी आश्वासन घेतल्यावाचून कागदावर सही करू नका.